काली शहरातली चौकशी

शनिवार, २० जानेवारी २०२४. सिडको, संभाजीनगर

व्हिसा आला. आता माघार घ्यायला काही निमित्त उरलं नाही.

लिहून ठेवतो म्हणजे डोकं जरा हलकं होईल. आमची शिवकन्या दोन वर्षांपासून दक्षिण अमेरिकेत आहे, कोलंबिया देशातल्या काली नावाच्या शहरात. इकडच्या मोटारसायकली खोक्यांत भरून तिकडे जातात, तिथे जोडल्या जातात, आणि ती जोडणी बरोबर होते की नाही हे ही पोरगी बघते. बापाचंच काम म्हणायचं. मीही वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं सुटे भाग तपासले. मापाचा गेज बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट.

दिवाळीत तिने फोनवर सांगितलं, "अप्पा, विल्मर नावाचा मुलगा आहे. आमचं दोघांचं ठरलंय. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पुढं जाणार नाही."

"काय करतो?"

"नाच शिकवतो."

माझ्या बायकोने, मनकर्णाने आठ दिवस फोन हातात घेतला नाही. भावकीला काय सांगायचं? कन्नडकडच्या शेतकरी घरातली पोरगी इंजिनिअर, आणि जावई नाचणारा. नाही म्हणून टाकावं नि मोकळं व्हावं, असं दहादा मनात आलं. पण मी नाही म्हणालो तर ती खरंच करणार नाही, आणि मग आयुष्यात माझ्याकडे पुन्हा काही मागणारही नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे. भीती त्याचीच आहे.

तोड मनकर्णानेच काढली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला एवढा प्रवास जमणार नाही. म्हणाली, "तुम्ही जावा. शहर बघाया आलो म्हणायचं. नाच बघा, मुजियम बघा, काय मिळंल ते खावा. पण घर बघून या. अन् कुणाला पत्ता लागू देऊ नका."

चौकशी मला नवीन नाही. भावकीतल्या चौदा सोयरिकींची चौकशी मी केली आहे. पाचोडच्या बाजारात बैल घ्यायच्या निमित्ताने अख्खा दिवस बसून एका नवरदेवाची दारू मी शोधून काढली होती. न्हावी, किराणा दुकान, पिठाची गिरणी, या तीन ठिकाणी विचारलं की माणूस पुरता कळतो.


रविवार, ११ फेब्रुवारी. काली

पोचलो. मुंबई, इस्तंबूल, बोगोता, काली. पाय सुजून बूट निघेनात.

विमानतळावरून शहराकडे येताना दोन्ही बाजूंना ऊस. नुसता ऊस. ट्रॅक्टरमागे चार-चार डबे जोडून उसाची वाहतूक चालली होती. मी शिवकन्याला म्हणालो, एवढं फिरवून मला परत कन्नडलाच आणलंस की काय. ती हसली. विमानतळावर मला बघून रडली होती, त्यामुळे हसलेली बघून बरं वाटलं. तिने केस कापलेत. बोललो नाही.

नाश्त्याला मक्याची जाड भाकर, इथे तिला आरेपा म्हणतात. आत चीज घालतात. ठेचा असता तर बहार आली असती. त्याबरोबर गरम पेय दिलं, तोंडाला लावलं तर गुळाचं पाणी. शिवकन्याने ढेप दाखवली, चौकोनी, पण गूळच तो. मी वास घेतला, नखाने खरवडून बघितला. आपल्यापेक्षा थोडा कडक आहे, बाकी खोट काढायला जागा नाही.

ऊन आपल्या मार्चसारखं. पण चार-साडेचारला डोंगरावरून असा गार वारा सुटतो की घराघरांतली माणसं खुर्च्या घेऊन दारात येऊन बसतात. हा वारा मला आवडला. मनकर्णाला अजून सांगितलं नाही, तिला वाटेल मी मजा करायला आलोय.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

शिवकन्याने सुट्टी काढून शहर दाखवलं. मी वही-पेन घेऊन फिरतोय म्हणून ती सारखी हसते.

नदीकाठी पितळी रंगाचं भलंमोठं मांजर बसवलंय. त्याला एकट्याला करमेना म्हणून पुढे शहरातल्या चित्रकारांनी त्याच्यासाठी मांजरी केल्या, एकीच्या अंगावर फुलं, एक चष्मेवाली, एक नुसती खिळ्यांनी भरलेली. लोक येतात, फोटो काढतात, आपली आवडती कोणती यावर वाद घालतात. मी म्हणालो, आमच्याकडे आधी मांजराची चौकशी केली असती. शिवकन्याने माझ्याकडे जरा रोखून बघितलं.

मग जुना मठ आणि म्युझियम. शहर १५३६ साली वसलं. तेव्हा आपलं शहर म्हणजे खडकी नावाचं खेडं होतं. मातीची भांडी होती, स्पॅनिश लोक यायच्या आधीची. एका भांड्यावरचा म्हातारा ओझ्याची पाटी पाठीला लावून बसलाय. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा इतका खरा की मी तिथेच बसून राहिलो.

या उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं विकत आणली होती. त्यांची नातवंडं-पतवंडं म्हणजे आजची निम्मी काली. शिवकन्या म्हणाली, "विल्मरची आई त्यांच्यातली." आणि माझं तोंड वाचत राहिली. मला आठवलं, आपलं शहर ज्याने वसवलं तो मलिक अंबरही तसाच विकला गेलेला हबशी. मी ते तिला सांगितलं. तिने माझा हात धरला, रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

मनकर्णाचा फोन. पहिला प्रश्न, "रंग कसा हाय?" म्हणालो, अजून बघितला नाही.


गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज बघितला. रंग गडद, उंची चांगली, दात स्वच्छ. वय एकोणतीस, तिच्याएवढाच. वाकून नमस्कार केला, तिने शिकवला असणार, पण वाकला तो मनापासून.

त्याची शाळा एका सायकलच्या दुकानावर, माडीवर आहे. तीस-पस्तीस माणसं. मला वाटलं होतं सगळी पोरंटोरं असतील. त्यात एक पोस्टातली बाई, एक दात काढणारा डॉक्टर, एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ पांढऱ्या बुटांत. या नाचाला साल्सा म्हणतात. विल्मरने सांगितलं, शिवकन्याने मराठीत आणलं. गाणी मुळात दुसरीकडची. तबकड्या बंदरावरून आल्या, आणि इथल्या पोरांना त्या संथ वाटल्या म्हणून त्यांनी त्या जास्त वेगावर लावल्या. म्हणून कालीचे पाय सगळ्यांपेक्षा जलद.

कारखान्यात आम्ही लाइनचा वेग वाढवला की रिजेक्शन वाढायचं, हे मी रोज बघितलंय. इथे बारा माणसं एका वेळी नाचली आणि एक पाय चुकीचा पडला नाही. मी मुद्दाम खालीच बघत होतो.

तरीही. नाचणं बघायला चांगलं. रोज संध्याकाळी घराबाहेर असणारा माणूस घर कसं सांभाळेल? तालमीनंतर कुठे जातो? पितो का? हे शिवकन्याला विचारून उपयोग नाही. चौकशी करावी लागेल.


शनिवार, १७ फेब्रुवारी

शिवकन्या कामावर. मी म्हणालो, नदीकाठी फिरून येतो. खोटं बोललो, पण चौकशीत तेवढं चालतं.

विल्मरची गल्ली तिने बसमधून दाखवली होती. कामगारांची वस्ती, आमच्या बजाजनगरसारखी, फक्त घरं जास्त रंगीत. विल्मर आणि त्याची आई रुबिएलाबाई, दोघंच राहतात. घर निळं, दुमजली, दाराला दोन कुलपं. आजूबाजूच्या सगळ्या घरांना एक, यांनाच दोन. नोंद केली. मनकर्णासाठी घराचे फोटो काढले, समोरून, बाजूने, गल्लीच्या दोन्ही तोंडांचे.

कोपऱ्यावर किराणा दुकान. फोनमध्ये मी मराठीत बोलतो, फोन स्पॅनिशमध्ये बोलतो. चांगली सोय झालीय. आधी एक फळ घेतलं, मीठ आणि मध लावून देतात, चव उकडलेल्या रताळ्यासारखी. मग हळूच विचारलं, निळ्या घरातला मुलगा कसा आहे? दुकानदारीण आधी छान बोलत होती. त्यानंतर तिचा हिशोब चुकला, मला जास्तच सुटे परत दिले आणि आत गेली. बाहेर आलीच नाही. लाजाळू असावी.


रविवार, १८ फेब्रुवारी

शिवकन्या मैत्रिणीकडे गेली, मी न्हाव्याकडे. दाढी करून घेतली. माणूस चाळिशीचा, गप्पिष्ट, हात हलका. म्हणजे योग्य जागा.

दाढी अर्धी झाल्यावर विचारलं, विल्मर किती वाजता घरी येतो? कोणत्या रस्त्याने येतो? सोबत कोण असतं? एकटा असतो का? वस्तरा थांबला. त्याने फोनकडे बघून विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

मी म्हणालो, "घरच्यांनी पाठवलंय. त्याची सगळी माहिती पाहिजे. त्याला मात्र काही सांगू नका."

न्हावी एकदम सभ्य झाला. उरलेली दाढी एक शब्द न बोलता केली. टॉवेल स्वतः झटकला, दार स्वतः उघडलं, पैसे काही केल्या घेईना. एवढा मान परक्या मुलखात मिळावा, याचं मला नवल वाटलं. मी निघाल्यावर मागे वळून बघितलं तर तो दुकान बंद करत होता. रविवार आहे, अर्धा दिवस असेल.

माहिती काही मिळाली नाही. पण वाईट कोणी बोललं नाही, हेही काही कमी नाही.


सोमवार, १९ फेब्रुवारी

नाचाची शाळा बंद. दाराला कुलूप, चिठ्ठी नाही. पांढऱ्या बुटांचे गृहस्थ जिन्यात उभे होते.

मनकर्णाला कळवलं, मुलगा वक्तशीर नाही.


मंगळवार, २० फेब्रुवारी

शिवकन्या जेवली नाही. विल्मरचा फोन बंद. त्याच्या घरी गेली तर कोणी दार उघडलं नाही. आतून आवाज येत होता, पण दार उघडलं नाही.

मला मनात कुठेतरी बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. नाही म्हणायचं काम माझ्यावर येणार नाही असं वाटलं. मुलगा स्वतःच पळाला. मी म्हणालो, "बघ, अशा माणसाचं काही खरं नसतं." ती म्हणाली, "अप्पा, तो असा नाही." एवढंच. मग खिडकीशी बसून राहिली. दहावीत गणिताचा पेपर अवघड गेला होता तेव्हा अशीच बसली होती, आणि तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो होतो. आज नाही बसलो.


बुधवार, २१ फेब्रुवारी

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी शिवकन्या विल्मरच्या आईला एकदाची भेटली. परत आली ती पांढरी पडली होती. म्हणाली, "अप्पा, विल्मरला त्याच्या आईनं मावशीकडं पाठवलंय, समुद्राकडच्या गावात. गल्लीत कोणीतरी त्याची माहिती काढत फिरतंय. किती वाजता येतो, कोणत्या रस्त्यानं येतो, एकटा असतो का. घराचे फोटोही काढलेत."

विल्मर तीन वर्षांचा असताना त्याचे वडील बस चालवायचे. गुंडांना दर आठवड्याला हप्ता द्यायला त्यांनी नकार दिला. एक दिवस दोन माणसं याच गल्लीत आली, याच न्हाव्याच्या दुकानात बसली आणि हेच विचारलं. किती वाजता येतो, कोणत्या रस्त्याने येतो. तेव्हा या न्हाव्याचा बाप दुकान चालवायचा. त्याला वाटलं, लांबचे पाहुणे असतील. त्याने सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर गोळ्या घातल्या.

म्हणून दोन कुलपं.

शिवकन्या बोलत होती आणि मी माझ्या चपलांकडे बघत होतो. तिला संशयही आला नव्हता. मी नदीकाठी फिरतोय असंच तिला माहीत. गप्प बसलो असतो तर कधी कळलंही नसतं. मुलगा आठ-पंधरा दिवसांनी परत आला असता, मी तोवर विमानात.

मी म्हणालो, "शिवकन्या, तो माणूस मी होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "आईनं सांगितलं होतं?" मी म्हणालो, "घर बघायला सांगितलं होतं. बाकी माझीच हुशारी." मग ती तोंड धुवून आली आणि म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. तुम्ही बोला, मी फक्त सांगीन."


गुरुवार, २२ फेब्रुवारी

रुबिएलाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मनकर्णाच्याच वयाच्या, अंगाने भरलेल्या, डोक्याला पिवळा रुमाल. शेजारी न्हावी, हाताची घडी घालून. त्याने मला बघितलं आणि पुढे आला. मी हात जोडले.

सगळं सांगितलं. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाची माहिती काढतात. दुकानात विचारतात, न्हाव्याकडे विचारतात. मी पुष्कळ पोरींसाठी हे केलं, म्हणून माझ्या पोरीसाठी केलं. तुमच्या घरावर काय गुदरलंय हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं.

शिवकन्या एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगत गेली. मग रुबिएलाबाईंनी विचारलं, "ज्याची माहिती काढता, त्याला का सांगत नाही?"

मी म्हणालो, "सांगितलं तर सगळे चांगलंच बोलतील."

त्यांनी न्हाव्याकडे बघितलं. न्हावी काहीतरी पुटपुटला. शिवकन्याने ओठांच्या कडेला हसू दाबत मराठीत आणलं, "म्हणतोय, म्हणजे मी सोयऱ्याची दाढी फुकट केली." आणि रुबिएलाबाई हसायलाच लागल्या. हसता हसता रडल्या, रुमालाने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. आतून फोन आणवून बहिणीच्या घरी विल्मरला लावला. पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला. पायरीवर बसलो. न्हाव्याने पाण्याचा ग्लास दिला.

पण बाई कच्च्या नव्हत्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "आता माझी पाळी. मलाही मुलगा द्यायचा आहे. तुमच्या गावातल्या अशा माणसाचं नाव द्या, ज्याचं तुमच्याशी पटत नाही. मित्राचं नको."

चौदा सोयरिकी केल्या, मला हे कधी सुचलं नव्हतं.

आधी वाटलं मेव्हण्याचं नाव द्यावं. त्याच्याशी थोडी कुरबुर आहे, पण तो सांभाळून घेईल. मग त्या बाईच्या दाराकडे बघितलं आणि फकिराभाऊचं नाव दिलं.

फकिराभाऊ माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अकरा वर्षांपूर्वी आमच्या विधवा चुलती आवडाबाईच्या शेतात त्याने बांध सरकवला. मोजणीवाले आले, त्यांनी मला विचारलं, जुना दगड कुठं होता? मी जागा दाखवली. फकिराभाऊ दावा हरला. तेव्हापासून लग्नात, मातीत समोर आलो तरी तो तोंड फिरवतो. तो काय बोलेल देव जाणे. त्याच्यासाठी अकरा वर्षांनी चालून आलेली संधी आहे.


शुक्रवार, २३ फेब्रुवारी

माझ्याकडे त्याचा नंबरही नव्हता. मनकर्णाकडे निघाला. फकिराभाऊच्या बायकोशी, सरूबाईशी तिचं बोलणं कधी बंदच नव्हतं, हे मला आज कळलं.

इथे सकाळचे सात, गावाकडे संध्याकाळचे साडेपाच. निळ्या घरात टेबलावर फोन ठेवला. शिवकन्याने मला बाहेर जायला सांगितलं. विल्मर पहाटेच्या बसने परत आला होता, तोही माझ्यासोबत बाहेर. दोघं गल्लीत उभे. त्याला मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, आणि फोन बाहेर काढायची माझी हिंमत नव्हती. त्याने समोरच्या गाड्यावरून पाव आणला, चीजचा, गरम. एक मला, एक त्याला. परीक्षेच्या हॉलबाहेर दोन पोरं उभी असतात तसे आम्ही खात उभे राहिलो. त्याच्या बापाला मारलं तो थांबा कोणता, हे मला दिसत होतं. तो तिकडे पाठ करून उभा होता.

चाळीस मिनिटं लागली. एवढं काय बोलतोय हा माणूस, असं मला दर मिनिटाला वाटत होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना गेज लावला. आज पहिल्यांदा कळलं की तपासला जाणारा माणूस बाहेर कसा उभा असतो.

आत बोलावलं. रुबिएलाबाईंनी काही न बोलता खुर्ची ओढली, गुळाचं गरम पाणी समोर ठेवलं, चीजची फोड ठेवली. मी शिवकन्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "काय बोलले ते तुम्हाला सांगायचं नाही, असं काकांनी बजावलंय. पण हे पाणी प्या. त्या तुम्हाला घरातला माणूस म्हणतायत."

प्यालो. पुष्कळ गोड होतं.


रविवार, २५ फेब्रुवारी

होकार दिला. काही भाषण केलं नाही. जेवताना विल्मरच्या ताटात कोंबडीचा रस्सा वाढला आणि शिवकन्याला म्हणालो, "हो." तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. रस्सा गार झाला. त्यात केळी आणि कंद घालतात, तिखट अजिबात नाही. आपण घरचा येसूर मसाला पाठवून द्यायचं ठरलं आहे.

मनकर्णाला फोनवर सगळं सांगितलं, न्हाव्यासकट. ती आधी मला बोल बोल बोलली, ते रास्तच होतं. मग म्हणाली, "त्या माऊलीला द्या फोन." दोघींनी वीस मिनिटं आपापल्या भाषेत बोलून घेतलं. शिवकन्याला मध्ये येऊ दिलं नाही.

संध्याकाळी वारा सुटल्यावर माडीवर गेलो. पांढऱ्या बुटांच्या गृहस्थांनी मला उभं केलं. उजवा पाय मागे, जागेवर, डावा पुढे. मी चुकलो, पुन्हा चुकलो, कोणी मोजत नव्हतं.


रविवार, ३ मार्च. कन्नड

परवा संभाजीनगरला पोचलो. मनकर्णाच्या हातचं जेवलो, झोपलो आणि आज सकाळच्या एसटीने गावाकडे आलो. फकिराभाऊ काय बोलला हे ऐकल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

तो गोठ्यापुढे बाजेवर बसला होता. मला बघून तोंड फिरवलं नाही. सरकून जागा केली. सरूबाईने चहा आणला.

मी विचारलं, "फकिराभाऊ, त्या बाईनं काय विचारलं तुला?"

"लई इचारलं तिनं. बायकूला मारतो का. पितो का. पोरीला शाळंत कुणी घातलं. शेवटाला म्हणली, हा माणूस खोटं बोलतो का?"

"मग?"

"म्हणलं, बोलत नाय. त्याच्यामुळंच आमचं अकरा वर्सं बोलणं नाय."

मी कप खाली ठेवला. मग मी त्याला कालीतल्या माझ्या सगळ्या थापा सांगितल्या. नदीकाठचं फिरणं, घराचे फोटो, अर्धी दाढी झाल्यावर थांबलेला वस्तरा. ऐकता ऐकता त्याला हसू फुटलं, ते ठसका लागेपर्यंत. सरूबाईला हाक मारून मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

हसणं ओसरल्यावर म्हणाला, "मांडव इकडं व्हायचा का तिकडं?"

"दोन्हीकडं."

"इकडच्या मांडवाला डहाळं लागत्याल. आंब्याचं, जांभळाचं, उंबराचं. भावकीतली बैलगाडी लागती. कुणाला सांगितलं?"

"अजून कुणाला नाही."

"मग माझी काय मोडलीय व्हय?"

मी म्हणालो, "तेच सांगायला आलो होतो."

हे खोटं होतं. मी तो काय बोलला तेवढंच विचारायला आलो होतो, गाडीचं माझ्या मनातही नव्हतं. फकिराभाऊने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं, हे मला दिसलं. पण त्याने काही म्हटलं नाही आणि बैलांना पाणी दाखवायला उठला.